कुंपणवालीची गिटार

त्या वर्षी ऊन असं पडलं की कावळे उडायचं सोडून कुंपणाच्या सावलीतून चालत जायला लागले. ज्याला पटत नसेल त्यानं कावळ्यांना विचारावं. गवत संपलं, पाणवठे आटले, आणि जनावरं इतकी वखवखली की जुनं कुंपण त्यांच्यापुढे काडीसारखं मोडायला लागलं. मग जिथे जिथे हिरवं पान उरलं होतं तिथे तिथे नवं कुंपण हवं झालं. लोक आभाळाकडे बघून रडत होते आणि आम्ही कुंपणवाले कामात बुडालो होतो. एकाचं घर जळतं, दुसरा त्यावर हात शेकतो, त्यातलीच गत.

आमच्या घरात तेव्हा चार माणसं. मी, माझ्या गेलेल्या धाकट्या भावाची बायको, तिचा मुलगा, आणि सून. पुतण्याला सगळे पहार म्हणत. सरळ, जड, आणि कुणी हलवल्याशिवाय न हलणारा. बोलायचं म्हणजे त्याला खिशातून काढून द्यावं लागल्यासारखं व्हायचं. देवानं त्याच्या वाटणीचं बोलणंही मलाच दिलं, त्यात माझा काय दोष?

आमचं काम जोडीनं चालतं. एकानं तार ताणायची, दुसऱ्यानं खांबाला बांधायची. ताणायचं एक लोखंडी यंत्र असतं, दाते असलेलं. दांडा मागेपुढे केला की ते तार दातात धरून इंच इंच ओढत जातं, आणि एक खटका तिला मागे सरकू देत नाही. आम्ही त्याला खेकडा म्हणतो. आमच्या जोडीत खेकडा सुनेचा आणि बांधणं पहारीचं. मी खांबाच्या सावलीत बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करायचो. मुकादम येता जाता म्हणायचा, "म्हाताऱ्या, खिळे सरळ होतील, तुझं काय?"

सुनेच्या खेकड्याचा खटका झिजलेला होता. तिनं मुकादमाला सांगितलं, परत सांगितलं, हातात धरून दाखवलं.

"चालतोय ना? मग चालव," मुकादम म्हणाला. "नवा घ्यायला काय झाडाला लागतात?"

मग एका दुपारी, मोठ्या बागेच्या कोपऱ्यावर, खटका सुटला. ताणलेली तार सापासारखी मागे पळाली आणि सुनेचा डावा हात दातांत ओढला गेला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मधल्या पेरापासून गेली. उजव्या हातानं दांडा उलटा फिरवून तिनं स्वतःच हात सोडवला आणि पदरात गुंडाळला. मुकादम धावत आला. आधी तारेकडे बघितलं, मग हाताकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लक्ष कुठं होतं हिचं? हात चुकला."

तेवढं म्हणून झालं. जखम भरली पण ते वाक्य भरलं नाही.

घरी बसलेल्या माणसाची जी गत व्हायची ती तिची झाली. वेणी सासूनं घालायची. परकराची नाडी बांधायची म्हटलं तरी हाक मारायची. शेजारणी चौकशीला येत आणि बोलताना डोळे हातावर. भावजय हळूच म्हणायची, "अगं, झाकून घे तो पदराखाली." सून तो मुद्दाम गुडघ्यावर ठेवायची, उताणा.

तिच्या जागी दुसऱ्या जोडीतली एक नवी नवरी आली आणि पहारीला मुकादमानं नुसते खड्डे खणायला लावलं. अशातच एका बंगल्याचं कुंपण संपवून पहार घरी आला तो काखेत गिटार घेऊन. बंगल्यामागे भंगारात पडली होती. सहातल्या तीन तारा गायब, पोटाला चीर. त्यानं ती माझ्यापुढे ठेवली.

"खिळ्यांना," तो म्हणाला.

त्याचं भाषण तेवढंच. लाकडी पेटी, वर आयतं भोक. मला पटलं. मी खिळे भरायला घेतले. आतून असा आवाज आला की भावजय चुलीपासून ओरडली, "दादा, पाऊस आला की काय?" सून उठली, माझ्या हातातून ती काढून घेतली आणि उलटी करून सगळे खिळे अंगणात ओतले.

"काका, हे वाजवायचं असतं," ती म्हणाली.

"कोण वाजवणार?"

"ज्याला काम नाही ती."

आता पुढचं ऐका, कारण अशी चूक साऱ्या जगात फक्त कुंपणवालीच करू शकते. तीन तारा नव्हत्या, तर तिनं खांब बांधायची तार तोडून लावली. आणि आम्हाला तार ताणायची एकच रीत ठाऊक. तारेवर कावळा बसला तरी ती लवता कामा नये. तिनं खुंट्या पकडीनं पिळल्या. गिटार कण्हली. ही आणखी पिळतेय. मी म्हटलं, "आता बास." "जराशी ढिली आहे," ती म्हणाली. मग ठाण्णकन आवाज झाला, ज्या पट्टीला तारा अडकवतात ती पट्टी मुळापासून उखडली आणि माझ्या कानाजवळून गेली. समोरच्या भिंतीत रुतली. तेव्हापासून मला त्या कानानं सूर कळत नाही. पूर्वीही कळत नव्हता, पण आता कारण आहे.

रडायचं सोडून तिनं मोडक्या गिटारीचा फोटो काढला. फोनमध्ये तिला एक मंडळी सापडली होती, गिटार शिकणाऱ्यांची. गटाचं नाव 'चुकत चुकत'. कोण कुठले, एकमेकांना कधी न भेटलेले. तिनं फोटो टाकला आणि विचारलं, हे असं का झालं?

उत्तरं यायला लागली. ती वाचून दाखवायची आणि मी हसून लोळायचो. त्या मंडळीत एक बेकरीवाला होता. त्यानं लिहिलं, "ताई, ही गिटार आहे. हिच्यातून गुरं घुसत नाहीत." एक निवृत्त बसकंडक्टर होता, त्यानं विचारलं, "ही कुठल्या कंपनीची तार?" सुनेनं कळवलं, "खांबाची." मग बेकरीवाल्यानं आपल्याकडच्या जादा तारा पाकिटात घालून पाठवल्या, आणि पट्टी कशी चिकटवायची ते कुणीतरी सावकाश लिहून दिलं. सरस लावून रात्रभर दाबून ठेवायची. आम्ही तिच्यावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा, आणि वरवंट्यावर हात ठेवून मी बसलो. वजन कमी पडू नये म्हणून.

खरी अडचण पुढे होती. गिटारीच्या मानेवर तारा दाबायच्या त्या डाव्या हातानं, आणि डावा हात तर असा. थोटकी तारेपर्यंत पोचायची पण शेजारची तार अडायची. ती सकाळी सुरू करायची आणि जेवणापर्यंत हातानं शिव्या देत राहायची, म्हणजे गिटारीवर थापा मारत. मग एक दिवस तिनं हाताचाच फोटो टाकला. काही झाकलं नाही.

त्या मंडळीत एक बाई होती, डावखुरी म्हणायचे तिला. तिनं लिहिलं, "उलटी धर. तारा उलट्या क्रमानं लाव. उजवा हात दाबेल. डाव्याला फक्त तारा छेडायच्या आहेत, त्याला बोटं पुरी लागत नाहीत. मीही उलटीच आहे, घरातले सगळे म्हणतात."

सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून सुनेनं थोटक्याला बसेल असं कडं केलं, त्यात प्लॅस्टिकची चपटी नखी खोचली. आणि सुरुवात झाली. काय ते वाजवणं! शेजारच्यांची गाय बांधलेला दोर तोडून पळाली आणि जाताना मागे वळून बघत होती. उजव्या हाताच्या बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. तारेचे घट्टे तिला नवीन नव्हते, पण हे बोटांच्या टोकांना होते, मऊ जागी. कंडक्टर रोज तिचा तुकडा ऐकायचा. ती चुकली की थांबायची, परत पहिल्यापासून. त्यानं एकदा आवाजच पाठवला: "पुढे चला, पुढे चला! मधे थांबू नका! चूक उतरली, गाडी सोडा!" आमच्या घरात दिवसभर तेच सुरू झालं. पहार जेवताना थांबला तरी भावजय म्हणायची, "पुढे चला."

त्या मंडळीचा एक रिवाज होता. रविवारी प्रत्येकानं आपलं वाजवणं टाकायचं, जसं असेल तसं, चुकांसकट. आणि एकदा टाकलेलं पुसायचं नाही. बेकरीवाल्याचं पहिलं वाजवणं अजून तिथे होतं. ऐकून पाव फुगणार नाही असं. पण होतं.

एका रविवारी तिनं एक छोटी चाल वाजवली. शेवटाकडे अडखळली, थांबली नाही, पुरी केली. त्याच आठवड्यात गटात नव्यानं आलेल्या कुणीतरी विचारलं होतं, तुमच्या बोटांना काय झालं? म्हणून वाजवायच्या आधी ती गिटार मांडीवर ठेवून फोनकडे बघून बोलली. सरळ, भाजी सांगावी तसं. "मी कुंपणाची तार ताणते. यंत्राचा खटका झिजला होता. मी मुकादमाला सांगितलं होतं. त्यानं बदलला नाही. तो सुटला. हात माझा चुकला नव्हता. आता वाजवते." आणि वाजवलं.

झालं. बेकरीवाल्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं. तिथून ते कुठे कुठे फिरलं, आणि फिरत फिरत मुकादमाच्या मेव्हण्याच्या फोनमध्ये जाऊन बसलं. हा तोच मेव्हणा, ज्याच्यापुढे मुकादम मिशीला पीळ देऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी मुकादम आमच्या अंगणात. चपला काढल्या नाहीत.

"काय गं, जगभर माझं नाव काढतेस?"

"नाव नाही घेतलं," सून म्हणाली. "मुकादम म्हटलं. तुम्हाला लागलं?"

"तार ओढायला बोटं नाहीत आणि तुणतुणं वाजवायला आहेत?"

"गिटार आहे," मी म्हटलं. "तुणतुण्याला एकच तार."

"तू खिळे मोज, म्हाताऱ्या." तो पहारीकडे वळला. "ऐक. हे पुसून टाकायचं. आणि बागेवर सगळ्यांपुढे हिनं सांगायचं, हात माझा चुकला. तोवर तुझं खड्ड्याचं काम बंद. आणि मी बंद केलं की दुसरा कुणी तुला उभा करणार नाही, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. भर हंगामात पहार घरी बसला. बसला म्हणजे खरोखर बसला, उंबऱ्यावर, हात गुडघ्यांत. काम करणारा माणूस रिकामा बसला की घर लहान होतं. कुठेही पाय पसरा, त्याचे गुडघे. भावजय भांडी आपटायची. डब्यांचे तळ दिसायला लागले तशी एक दिवस तिनं तोंड फोडलं.

"एक बटण दाबायचं, त्यात काय तुझं जातं?"

"दोन बोटं गेली," सून म्हणाली. "तिसरं कशाला दाबू?"

"तोंडाला तोंड देऊ नकोस. खोटं बोलल्यानं कुणी मरत नाही. हे दादा बघ, एवढे म्हातारे झाले."

मी एक वाकडा खिळा उचलला आणि ठोकायला घेतला. तो आणखी वाकडा झाला.

सुनेनं गटात सगळं कळवलं. कंडक्टरनं लिहिलं, बेकरीवाल्यानं लिहिलं, आणि शेवटी डावखुरीनं लिहिलं, "बाई गं, घरची चूल आधी. तू पुसलंस तरी तुला कुणी काही म्हणणार नाही. नियम तुझ्यासाठी नाही." मला वाटलं, सुटलो. सून ते वाचून भडकली.

"नियम माझ्यासाठी नाही तर कुणासाठी आहे? ज्यांना पुसायला कुणी सांगतच नाही त्यांच्यासाठी?"

तिनं तेच शब्द त्यांना लिहिले आणि फोन पाटावर टाकून विहिरीकडे गेली.

पहार उठला. फोन उचलला. भावजय दारात येऊन उभी राहिली आणि मानेनं म्हणाली, कर. आत्ताच कर. मी खिळा हातात धरून बघत होतो. पहारीनं त्या मोठ्या बोटानं काहीतरी शोधलं, आणि सुनेचा आवाज घरात आला. खटका झिजला होता. मी सांगितलं होतं. हात माझा चुकला नव्हता. मग ती चाल. बायको घरात रोज वाजवत होती पण यानं ती कधी बसून ऐकली नव्हती. पुरी ऐकली. परत लावली. घागर घेऊन सून दारात येऊन थबकली तेव्हा तिसऱ्यांदा चालू होती. तिनं त्याच्या हातातला फोन बघितला आणि घागर न उतरवता तशीच उभी राहिली. डोक्यावरून पाणी सांडून खांद्यावर येत होतं.

पहारीनं फोन तिच्यापुढे धरला.

"शेवटी जरा घाई करतेस," तो म्हणाला.

माझ्या माहितीत हे त्याचं आजवरचं सर्वांत लांब वाक्य. भावजय खाली बसली. मग उठून म्हणाली, "ये, केस ओले झालेत. वेणी घालून देते. कुठे जायचं असेल तर नीट जा."

जायचं होतंच. सकाळी आम्ही सगळे मोठ्या बागेवर गेलो. पुढे सून, पाठीला दोरीनं बांधलेली गिटार. मागे पहार, रिकाम्या हातांनी. मागे भावजय, आणि तिच्या मागे मी, लढाईत माझी जागा नेहमीची. सगळ्या जोड्या कामाला लागल्या होत्या. आमच्या जुन्या खेकड्यावर ती नवी नवरी होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

मुकादम खूश झाला. "या, या! सगळे थांबा रे. हिला काही सांगायचंय."

सून तारेच्या भेंडोळ्यावर बसली. गिटार उलटी मांडीवर घेतली. फोनवर चित्रण चालू केलं, तो कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि मुकादमाच्या हातात दिला. "जरा धरा. हलवू नका." आणि काय सांगू, त्यानं धरला! सवयीनं माणूस हातात दिलेलं धरतो.

"मी कुंपणाची तार ताणते," ती म्हणाली. आणि तेच सगळं परत सांगितलं, शब्दाला शब्द. फक्त शेवटी नवऱ्या मुलीकडे मान करून म्हणाली, "तो खेकडा आता हिच्या हातात आहे. खटका तोच आहे." आणि चाल सुरू केली. उन्हात तारा लगेच उतरतात. बेसूर झालं. शेवटाकडे अडखळली. पण घाई केली नाही.

मुकादमाला तेव्हा कळलं आपण काय धरून उभे आहोत. त्यानं फोन असा सोडला की जणू निखारा. पहारीनं तो खाली पडायच्या आत झेलला.

"झाली नौटंकी? चला, कामाला लागा!"

नवऱ्या मुलीनं खेकड्याकडे बघितलं. दांड्यावरचा हात काढला. तार सैल करत करत तिनं तो सोडवला आणि मुकादमाच्या पायाशी ठेवला.

"मला नको," ती म्हणाली. "माझं नवीन लग्न झालंय. मला सगळी बोटं लागतात."

हसण्याची अशी लाट उठली की खांब हलले. मग शेजारच्या जोडीनं आपला खेकडा खाली ठेवला. त्यांचाही खटका काही नवा नव्हता. मग तिसऱ्यांनी. मुकादम एकेकाजवळ जाऊन ओरडत होता आणि लोक खांबाच्या सावलीला बसत होते, पाय पसरून, जेवणाची वेळ झाल्यासारखे.

आता कुंपण अर्धं, आणि बाहेर भुकेली जनावरं. त्यांना मुकादम कोण, मालक कोण, काय देणंघेणं? दुपारपर्यंत उघड्या बाजूनं गुरं आत शिरली. आम्ही बघत बसलो. शेळ्या झाडांवर चढल्या. एका म्हशीनं मुकादमाची टोपी खाल्ली आणि वर ढेकर दिला, आता यात माझं काही नाही, टोपी तिनंच खाल्ली. बागमालक काठी घेऊन धावत आला तो आधी गुरांमागे आणि मग मुकादमामागे.

"कुंपण कुठाय माझं?"

"ही माणसं बसलीत..."

"का बसलीत?"

त्याला पंधरा तोंडांनी एकदम उत्तर दिलं. मालकाला माणसांची बोटं नको होती, त्याला त्याची झाडं हवी होती, पण त्या दिवशी दोन्ही एका कुंपणात सापडली होती. मुकादम मोटारसायकल काढून गेला आणि उन्हं कलायच्या आधी एक पोतं घेऊन परत आला. पोत्यात नवे खेकडे, अजून ग्रीस लागलेले. त्यानं सगळ्यांपुढे एक काढला, तार त्यात अडकवली, दोनदा दांडा मारला आणि सुनेकडे सरकवला. तोंड दुसरीकडे.

"घे. नवा आहे. उजव्यानं दांडा मार, डाव्याला आधार पुरे. ओढ. उद्यापासून नवरा-बायको दोघं या. आणि ते फोनमधलं काढून टाक. झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. पहारही. घरात डबे रिकामे होते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

तिनं खेकडा उलटापालटा करून बघितला. खटका नखानं उचलून सोडला.

"चांगला दिसतो," ती म्हणाली. "जुनाही तुम्ही चालतोय म्हणालात. तुम्ही इथे दातांपाशी बोट ठेवा. मी ओढते."

"काय?"

"नवा आहे ना? मग सुटणार नाही. ठेवा."

मुकादमानं हात पुढे केला. अर्ध्यात थांबवला. खटक्याकडे वाकून बघितलं, सरळ झाला, परत वाकून बघितलं. मालक बघत होता, नवरी बघत होती, म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत होती. मुकादमाचा हात तिथेच हवेत.

सुनेनं भेंडोळं जरा ओढून सावलीत घेतलं, त्यावर बसली आणि गिटार मांडीवर घेतली.

"करा विचार," ती म्हणाली. "मला काही घाई नाही. तोवर मी शेवट बसवते."